उसाला न शिवता उसाचे माप
गव्हाणीवरील सेन्सर कसे निवडावेत?



गेल्या हंगामात कारखाना पाहायला आलेले एक जुने सभासद गव्हाणीच्या कठड्याला धरून उभे होते. वरच्या लोखंडी कमानीला ओळीने टांगलेल्या तीन डब्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "साहेब, हे काय अडकवलंय? काटा तर गेटावर झाला की. मग हितं पुन्यांदा कशाचं माप?"

आम्ही म्हणालो, "आबा, ऊस किती आला ते गेटावर कळतं. तो मिलमध्ये सारखा चाललाय का एका अंगाला, ते हितं कळतं."

"ते बघायला माणूस हाय की! आन् ह्या डब्यांना पैसं किती पडलं?"

प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा, तेव्हा कमानीला टांगलेल्या डब्याचा हिशेबही सभासदांना मिळाला पाहिजे. त्यातून हे डबे आम्ही दुसऱ्या खेपेला घेतलेले आहेत. पहिल्या खेपेला आमची निवड चुकली होती. ती का चुकली आणि पुढे कोणते धडे घेतले, हे आम्हा अभियांत्रिकी विभागाच्या मंडळींनी आपल्यापुढे मांडावे म्हणून हा लेख.

गव्हाणीत मोजायचे ते काय?

आपल्यापैकी पुष्कळांनी गुऱ्हाळ पाहिले आहे, काहींनी चालवलेही आहे. चरकात ऊस लावणारा गडी जाणता असला तर तो एका वेळी किती ऊस लावायचे आणि रुळाच्या कोणत्या बाजूला लावायचे, हे हाताच्या अंदाजाने ठरवतो. एका बाजूला जास्त गेले की चरक अडतो. कमी गेले तर रूळ नुसते फिरतात आणि चोयट्या ओल्या बाहेर पडतात. साखर कारखान्याच्या मिलचे तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच, की इथे रूळ प्रचंड आहेत, ऊस दिवसाला हजारो टन आहे आणि हात घालायची सोयच नाही.

गव्हाणीत पडलेला ऊस लेव्हलर, कटर आणि फायबरायझरमधून गेला की त्याचा ताग्यासारखा मऊ थर होतो. तो वाहकावरून शूटमध्ये आणि शूटमधून रूळांच्या जबड्यात जातो. अनेक कारखान्यांत मिलच्या रुळाची लांबी ८४ इंच, म्हणजे सुमारे २१३ सेंटिमीटर असते. थर या सगळ्या रुंदीवर सारख्या जाडीने पसरलेला असेल तर दाब सारखा बसतो. डाव्या अंगाला ढीग आणि उजव्या अंगाला नुसता शिडकावा असेल, तर दाब सारा ढिगावर जातो आणि पातळ थर पुरता न पिळताच पलीकडे निघून जातो.

म्हणून गव्हाणीवर दोन मापे हवीत. थर किती उंच आहे हे एक, आणि तो रुंदीवर कुठून कुठवर भरलेला आहे हे दुसरे. उंचीचा विचार सगळेच करतात. रुंदीचा विचार मात्र राहून जातो.

याचा आपल्या बिलाशी काय संबंध?

एक हिशेब करून पाहू. समजा, दिवसाला ५,००० टन गाळप आहे. उसाच्या सुमारे २८ टक्के बगॅस निघते असे धरले तर ती १,४०० टन झाली. मिल चांगली चालली तर बगॅसमध्ये सुमारे २ टक्के साखर राहते. थर वेडावाकडा जाऊन हे प्रमाण २.० वरून २.३ झाले, तर दिवसाला ४.२ टन, म्हणजे ४२ क्विंटल साखर बॉयलरच्या भट्टीत जळाली. उसाच्या हिशेबात ती ०.०८ टक्का भरते. मिलमध्ये पिळून निघालेली सगळीच साखर पोत्यात पडत नाही, पुढेही थोडी घट होते. ती वजा जाता उताऱ्यातला फरक साधारण ०.०७ राहतो.

आता दराकडे वळू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा धरले. म्हणजे ०.१ उताऱ्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे झाले. एकट्या वाकड्या थराने ०.१ चा फरक पडेल असे आम्ही म्हणत नाही. पण इथले ०.०७ आणि आणखी कुठले तरी ०.०३ मिळूनच तो ०.१ होतो. असे लहान तोटे डोळ्यांना दिसत नाहीत, बिलात मात्र उतरतात.

कडेगाव भागातल्या आपल्या उसाला हे जास्तच लागू आहे. हा पट्टा मूळचा कमी पावसाचा. ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी पंपाने उचलून वर आणले, तेव्हा माळावर ऊस उभा राहिला. उचललेल्या पाण्याच्या थेंबाथेंबाला वीज लागते आणि पाणीपट्टी पडते. इतक्या खटपटीने केलेली साखर भट्टीत घालवणे कुणालाच परवडणार नाही.

माणसाची नजर का पुरत नाही?

आबांनी विचारले तसे, बघायला माणूस आहेच. पण नजरेच्या मापाची गंमत आपण कडेगावात दर मोहरमला अनुभवतो. गगनचुंबी ताबूत चौकात भेटीला आले की खाली उभे असलेले दहा जण त्यांची उंची दहा तऱ्हेची सांगतात. प्रत्येकाची खात्री मात्र पक्की!

गव्हाणीवरचा कामगार एका बाजूला उभा असतो. त्याला जवळचा ढीग दिसतो, पलीकडचा खड्डा दिसत नाही. रात्रपाळीला तीन वाजता, भुसा उडत असताना, आठ तास एकाच थराकडे बघत राहणे कोणत्याही माणसाला अवघड आहे. यात कामगारांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांच्या नजरेला जोड मिळावी, एवढेच म्हणणे आहे.

शिवून मोजणारी साधनेही असतात. थरावर टेकलेला लोलक किंवा पाते वर-खाली होते आणि त्यावरून जाडी कळते. साधन स्वस्त आणि समजायला सोपे. पण उसाबरोबर दगड येतो, कधी लोखंडाचा तुकडा येतो, ओला चोथा पात्याला चिकटतो आणि सांधे झिजतात. पाते वाकले तरी ते काहीतरी आकडा दाखवतच राहते. म्हणून न शिवता मोजणारी साधने पाहावी लागली.

वेशीतून जाणाऱ्या गाडीचे उदाहरण

रुंदी न शिवता कशी मोजतात? समजा, वेशीच्या दोन खांबांत ३०० सेंटिमीटर अंतर आहे आणि मधून वाढ्याने भरलेली बैलगाडी जात आहे. डाव्या खांबापासून भारा ४० सेंटिमीटरवर आणि उजव्या खांबापासून ६० सेंटिमीटरवर आहे. ३०० मधून १०० वजा केले की भाऱ्याची रुंदी २०० सेंटिमीटर आली.

आता गाडी १० सेंटिमीटर डावीकडे सरकली. अंतरे ३० आणि ७० झाली, पण बेरीज १०० च राहिली आणि रुंदी २०० च आली. आपण फक्त डाव्याच खांबावर माणूस बसवला असता, तर तो म्हणाला असता, "भारा १० सेंटिमीटरने वाढला!"

रबरी पट्ट्यावरून जाणाऱ्या बगॅसला हीच युक्ती लागू पडते. पट्टा थोडा इकडे-तिकडे सरकतोच. म्हणून एका कडेला एकच सेन्सर लावून रुंदी मोजू नये. दोन्ही कडांना एक-एक लावावा आणि दोघांचे अंतर एकत्र धरावे.

गव्हाणीला मात्र दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती आहेत, त्यामुळे बाजूने पाहून भागत नाही. एका भिंतीतून प्रकाश सोडून समोरच्या भिंतीत घेतला, तर तो सर्वांत उंच ढिगाला अडतो आणि त्यामागचा खड्डा दिसत नाही. म्हणून इथे वरून खाली पाहणारे सेन्सर हवेत, आणि एक नव्हे तर डावा, मधला आणि उजवा असे किमान तीन. तिघांचे आकडे जुळले तर थर सपाट आहे. उजवा सारखा कमी येत असेल तर ऊस एका अंगाला पडतो आहे, असे समजून अनलोडरवाल्याला लगेच सांगता येते.

कोणता सेन्सर कशाला?

बाजारात प्रकार पुष्कळ आहेत आणि प्रत्येक विक्रेता आपलाच उत्तम म्हणतो. आम्हाला समजले ते असे.

प्रकाशावर चालणारे: यात साधा प्रकाशझोत, ओळीने झोत सोडणारा प्रकाशपडदा आणि लेसर आले. प्रकाशपडद्यात दर २ सेंटिमीटरला एक झोत असेल तर किती झोत अडले ते मोजून रुंदी मिळते. लेसर तर मिलिमीटरपर्यंत सांगतो. कोरड्या, स्वच्छ जागी याला तोड नाही. कागद, कापड, पत्रा यांच्या कारखान्यांत तो उत्तम चालतो. पण काचेवर भुसा बसला किंवा मध्ये वाफ आली की त्याला दिसेनासे होते. कॅमेऱ्याचीही अडचण हीच.

आवाजावर चालणारे: विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसे हे काम. कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडायचा, तो थरावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि अंतर काढायचे. वटवाघूळ अंधारात असेच उडते. साधारण उडत्या भुशाला हा सेन्सर दबत नाही आणि किमतीलाही माफक असतो. पण याची दोन पथ्ये आहेत. एक म्हणजे, थर फार जवळ आला तर याला मोजता येत नाही, म्हणून तो पुरेसा उंच टांगावा लागतो. दुसरे पथ्य हवेच्या उष्णतेचे. हवेत आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पहाटे १२ अंशाला जुळवलेला सेन्सर दुपारी ३२ अंशाला साडेतीन टक्के चुकतो. दीड मीटर अंतरात ही चूक पाच सेंटिमीटरची झाली. दुपारी प्रतिध्वनी लवकर परत येतो, त्यामुळे त्याला थर आहे त्यापेक्षा उंच वाटतो, आणि मिल विनाकारण उपाशी राहते. म्हणून उष्णतेची दुरुस्ती आपोआप करणाराच सेन्सर घ्यावा.

रडार: हा आवाजाऐवजी विद्युत-चुंबकीय लहरी सोडतो. त्याला हवेच्या उष्णतेचे, वाफेचे आणि धुळीचे फारसे सोयरसुतक नाही. ८० गिगाहर्ट्झच्या रडारचा झोत अरुंद असल्याने चिंचोळ्या शूटमध्येही तो बसतो. पण तो महाग असतो. वाहकाच्या लोखंडी पट्ट्या त्याला ठळक दिसतात, त्यामुळे थर पातळ असला की तो फसू शकतो. हलक्या, कोरड्या मालावरून परत येणारी लहरही क्षीण असते.

जवळून ओळखणारे: यांतला एक प्रकार फक्त धातू ओळखतो. वाहकाच्या पट्ट्या मोजायला आणि साखळीचा वेग पाहायला तो छान आहे, पण उसाला आंधळा आहे. दुसरा कोणताही माल ओळखतो, पण काही सेंटिमीटरवरूनच, आणि उसातली ओल बदलली की त्याचे मापही बदलते.

किरणोत्सर्गी: गॅमा किरण मालातून आरपार जातात, त्यावरून जाडी कळते. धूळ, वाफ, उष्णता कशाचीच अडचण नाही. पण त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना, प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी आणि कडक देखरेख लागते. नुसत्या उसाच्या थरासाठी एवढा व्याप ओढवून घेण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे.

आमची चूक

पहिल्या खेपेला आम्ही प्रकाशावर चालणारा सेन्सर घेतला होता, आणि तोही एकच. ऑफ-सीझनमध्ये वर्कशॉपमध्ये त्याची चाचणी घेतली. फळीची जाडी त्याने मिलिमीटरपर्यंत बरोबर सांगितली. आम्ही खूश झालो आणि गव्हाणीवर नेऊन बसवला.

हंगाम सुरू झाला आणि आठवड्याच्या आत काचेवर भुशाचा पापुद्रा धरला. सेन्सर गव्हाण भरलेली दाखवू लागला. वाहक आपोआप मंद झाला, मिल रिकामी फिरू लागली. काच पुसली की दोन तास बरे चालायचे, पुन्हा तेच. कमान उंच आणि शिडी नाही, म्हणून पुसायला जाणे जिकिरीचे. शेवटी पाळीवरच्या लोकांनी तो बंद करून हातानेच वेग द्यायला सुरुवात केली. एका रात्री वेग जास्त झाला, शूट तुंबला आणि मिल थांबली. पहाटे यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली होती. थांबलेल्या गाडीतला ऊस वाळतो आणि त्यातली साखरही उतरते, हे आपल्याला सांगायला नको.

सेन्सर वाईट नव्हता. आम्ही तो वर्कशॉपमध्ये पारखला आणि गव्हाणीत वापरला, ही आमची चूक. पाळीवरच्या माणसांना आधी विचारले असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते, "साहेब, हितं काच टिकायची न्हाई."

निवड करताना विचारायचे प्रश्न

त्यानंतर आम्ही प्रश्नांची यादी केली. ती इतर कारखान्यांच्या मंडळींनाही उपयोगी पडावी.

पहिला प्रश्न, माप किती बारीक हवे? आपला थर हातभर उंच आणि खडबडीत आहे. त्यात दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही. मग मिलिमीटर सांगणाऱ्या सेन्सरला जादा पैसे का द्यायचे?

दुसरा, उत्तर किती लवकर हवे? समजा, वाहक मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २० सेंटिमीटर जातो. खडबडीतपणा काढून टाकण्यासाठी सेन्सरने तीन सेकंदांची सरासरी घेतली, तर तेवढ्यात थर ६० सेंटिमीटर पुढे गेला. म्हणून सेन्सर शूटच्या तोंडाशी न लावता काही मीटर अलीकडे लावावा, म्हणजे वेग बदलायला सवड मिळते.

तिसरा, जागा कशी आहे? धूळ, वाफ, पाण्याचा मारा, हादरे हे सगळे लिहून काढावे. डब्याला आय.पी. ६७ दर्जा असेल तर त्यातल्या ६ चा अर्थ धूळ आत जात नाही आणि ७ चा अर्थ थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. पण हा दर्जा डब्याच्या आतले भाग वाचवतो. डब्याच्या तोंडावर बसलेला भुसा तो काढत नाही.

चौथा, वायर तुटली तर काय होईल? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संकेत ४ ते २० मिली-अँपिअरचा घ्यावा. ४ म्हणजे रिकामे, २० म्हणजे भरलेले. वायर तुटली की शून्य येतो, आणि शून्य म्हणजे बिघाड हे यंत्राला लगेच कळते. रिकामे शून्यावर धरले असते, तर तुटलेली वायर म्हणजे रिकामी गव्हाण असे समजून वाहक जोरात पळाला असता.

पाचवा, पुसणार कोण आणि तपासणार कोण? चालत जाऊन हात पोचेल अशी जागा नसेल, तर सेन्सर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

आता काय केले आहे?

या प्रश्नांच्या उत्तरांवरून जागेप्रमाणे साधन निवडले. गव्हाणीवर आवाजावर चालणारे तीन सेन्सर, उष्णतेच्या दुरुस्तीसह. गरम पाणी मारले जाते आणि वाफ दाटते, त्या पुढच्या मिलच्या शूटवर रडार. बगॅसच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना साधे प्रकाश-सेन्सर, कारण तिथे चालत जाऊन ते पुसता येतात. कमानीला शिडी आणि कठडा केला.

शिवाय एक नियम घातला. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सेन्सरखाली ठरावीक उंचीची फळी धरायची आणि पडद्यावरचा आकडा टेपच्या मापाशी ताडून वहीत लिहायचा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फिटरला बोलवायचे. फळी फक्त गव्हाण बंद असतानाच धरायची, चालत्या वाहकावर कोणी वाकायचे नाही.

प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, ती 'आपला ऊस, आपला कारखाना' या भावनेवर. गेटावरच्या काट्याची खात्री सभासद करून घेतात, म्हणून त्यावर विश्वास बसतो. आतल्या मापालाही तोच नियम हवा. ज्याचे माप टेप लावून तपासता येत नाही, असे यंत्र आम्ही यापुढे घेणार नाही.

सभासदांना विनंती

यात आपलाही वाटा आहे. सेन्सर थर मोजतो, पण थरात ऊस किती आणि पाचट किती हे त्याला कळत नाही. वाढे आणि पाचट राहिलेली मोळी उंच दिसते, सेन्सरला गव्हाण भरल्यासारखी वाटते, आणि रुळाखाली मात्र पोकळ चोथाच जातो. माती रूळ झिजवते, मोळीतला दगड किंवा लोखंड फायबरायझरचे हातोडे मोडते. तोडीच्या वेळी शेंडा नीट छाटला जातो का आणि बुडख्याची माती झटकली जाते का, याकडे लक्ष द्यावे.

आबांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. डब्यांना किती पैसे पडले याचा हिशेब कचेरीत आहे, आणि पाळीची वही गव्हाणीशेजारच्या केबिनमध्ये आहे. सभासदांनी हंगामात जरूर यावे, दोन्ही पाहावेत, आणि फळी लावायच्या वेळी टेपचे दुसरे टोक स्वतः धरावे.